दोरीवर कोण होतं

प्रिय बाल्बिना,

परवा फोनवर तू विचारलंस, "दोरीवर कोण होतं?" आणि मी म्हटलं, "आई हाक मारतेय, ठेवते." आईनं हाक मारली नव्हती. ती समोरच बटाटे सोलत बसली होती. मी फोन ठेवला तशी सुरी माझ्यावर रोखून म्हणाली, "माझं नाव कशाला पुढं करतेस? लिही तिला. फोनवर ती तुला बोलूच द्यायची नाही." म्हणून हे पत्र. तू कुठलीही गोष्ट शेवटाकडून वाचणारी. एवढं एक मात्र पहिल्यापासून वाच, माझ्यासाठी.

दोसिंदा बरी आहे, हे आधी सांगते. मांडीचं हाड मोडलंय, आत सळई घातलीय, पण जीभ जागेवर आहे. काल नर्सला म्हणाली, "हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी? समुद्रानं सोडलं ते तुमच्या हातून मरायला का?" डॉक्टर म्हणतात, चालायला लागेल, पण खडकावर उतरणं संपलं. ते ऐकल्यावर मात्र ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. इतकी वर्षं आम्ही दोघी एकत्र उतरलो, पण तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी नुसती तिच्या पायापाशी पांघरूण सारखं करत बसले.

आता त्या दिवसाचं. नोव्हेंबरभर समुद्र खवळलेला, खडकावर उतरणं बंद होतं. मी सार्डिनच्या कारखान्यात डबे भरायला जात होते. घरी आले की मांजर पायांत घुटमळायचं आणि आई म्हणायची, "एवढं प्रेम तुझ्यावर दुसऱ्या कुणी केलं नाही हो." मग नाताळच्या तोंडावर वारा पडला. खडकाला चिकटून वाढणाऱ्या, शिंपल्यासारख्या पेर्सेबेला वर्षातला सगळ्यात चांगला भाव तेव्हाच. सांतियागोपासून माद्रिदपर्यंत प्रत्येकाला ताटात ते हवे असतात, म्हणून सगळा गाव उतरला. आम्ही दीपगृहाखालच्या खडकावर गेलो. तुझा आमारो जिथून गेला, त्या बाजूला मी अजूनही जात नाही.

लोकांना वाटतं आम्ही पैशासाठी जातो. पैसा लागतोच, छप्पर दुरुस्त करायचंय, आईची औषधं आहेत. पण तू स्वतः उतरलेली आहेस, तुला काय सांगू? लाट जिथं सगळ्यात जोरात आपटते, तिथंच पेर्सेबे घट्ट धरतात. ती मागं सरली की उतरायचं, मुळाशी पटाशी घालायची, झुबका सुटला की पिशवीत, आणि दुसरी यायच्या आत वर. पन्नाशी आली, गुडघे रोज सकाळी बोंब मारतात. तरी ती मागं सरताना माझ्या छातीत जे होतं, ते दुसऱ्या कशानं होत नाही. सार्डिनच्या डब्यानं तर नाहीच नाही.

दोसिंदा आणि मी खाली होतो. दोसिंदाची दोरी धरून वर एक जण होती. आमची दोरी धरणाऱ्या एवारिस्तोची पाठ धरल्यापासून त्याच्या जागी तीच येत होती. मी दोरीविना, कपारीच्या आधारानं. आमची पिशवी भरत आली होती. दोसिंदा म्हणाली, "एवढा एक झुबका काढते नि जाऊ. बघ की, कसा अंगठ्याएवढा जाड आहे." तेवढ्यात लाट आली. समोरून नाही, उत्तरेकडून, तिरकी. मी दिसेल तिथं अंग दाबलं. पाणी उतरलं तेव्हा दोसिंदाच्या जागी नुसता फेस होता, आणि दोरी ताठ होऊन खडकाच्या धारेवरून खाली गेली होती.

मी ओरडले, "ओढ! अगं ओढ!" वरची ओढेना. कमरेला दोरीचा वेढा, टाच खाचेत रोवलेली, आणि नजर माझ्याकडं नाही, दोसिंदाकडंही नाही, लांब पाण्यावर. मी शिव्या दिल्या, बाल्बिना. आईसमोर कागदावर लिहिता येणार नाहीत अशा दिल्या. खाली दोसिंदाचं डोकं एकदा दिसलं, पुन्हा गेलं. मला वाटलं, ही भीतीनं दगड झाली. मी वर चढायला लागले, तिच्या हातातून दोरी हिसकावून घ्यायला. मग पुढची लाट आली. तिनं दोसिंदाला उचललं, आणि पाणी अगदी वर आलं त्या क्षणी वरचीनं सगळं अंग मागं टाकलं. दोसिंदा धारेला न घासता पाण्याबरोबर वर आली आणि माझ्या शेजारी येऊन आदळली. तेव्हा मला कळलं. पाणी उतरत असताना ओढलं असतं, तर दोरी त्या धारेवर कापली गेली असती. माझ्यासारख्या जुन्या बाईला ते सुचलं नाही. खाली असलेल्या माणसाला नाहीच सुचत.

आमारोच्या वेळी वर कुणी नव्हतं. "लगेच येतो," म्हणून एकटाच गेला. तू धक्क्यावर उभी होतीस, चार वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन. कुणी तिला घ्यायला हात पुढं केला की मागं सरत होतीस. तू तिला घेऊन जिनिव्हाला गेलीस ते बरोबरच केलंस. इस्पितळाच्या चादरी धुऊन तिला वाढवलंस, शिकवलंस, विम्याच्या कचेरीत खुर्चीवर बसवलंस. "इथं पगार लाटेची वाट बघत नाही, महिन्याच्या महिन्याला येतो," असं तू मलाही सांगत आलीस. मी हसण्यावारी नेत आले, पण तू चुकीचं कधी बोलली नाहीस.

वरची ती आंतीया होती. तुझी आंतीया. आजीला सांभाळायला म्हणून आली, आणि खरंच सांभाळतेही. पण पहिल्या आठवड्यातच माझ्या मागं मागं कड्यावर यायला लागली. मी तिला काही गोड रंगवून सांगितलं नाही. समुद्र बंद असला की चूल कशी चालते ते दाखवलं, कारखान्यात नेलं, माझे खांदे दाबायला लावले. म्हटलं, आवडतं म्हणून या कामात येशील, आणि जानेवारीत ओल्या रबरी पोशाखात पाय घालताना त्याच आवडीला शिव्या देशील. ती म्हणाली, "मावशी, तिथं मी सोमवारपासून शुक्रवारची वाट बघते. इथं समुद्र बंद असला तरी बघून यावंसं वाटतं. शिव्या द्यायला तरी काही हवं ना?" दोसिंदाला ओढून काढलं त्या दिवशी संध्याकाळी तिला चमचा धरवेना. आईनं भरवलं. मी तिची बॅग भरून दाराशी ठेवली. म्हटलं, जा, आत्ताच जा. तिनं सगळे कपडे परत कपाटात लावले. आणि दोसिंदानं मला इस्पितळात दरडावलं, "पोरीला हाकललंस तर या मोडक्या पायानं येऊन तुला लाथ घालीन."

आता हे लिहायचं कारण. आंतीयानं तिथली नोकरी सोडलीय. रजा नाही, सोडलीय. एवारिस्तोच्या जागी तिला परवाना मिळालाय, आणि पुढच्या मोठ्या ओहोटीला ती उतरणार आहे, दोरीवर मी असेन. तुझी परवानगी मागत नाही, ती मागायची आता तिला गरज नाही आणि मला हक्क नाही. वचनही देत नाही. पाण्याच्या बाबतीत मी कुणाला वचन देत नाही. एवढंच सांगते, माझ्या अंगात जीव आहे तोवर ती एकटी जाणार नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मी आधी लिहितेय. रविवारी ती स्वतः फोन करील. आत्ता ती स्वयंपाकघरात आईला विचारतेय, "आजी, सुरुवात कशी करू?" आणि आई म्हणतेय, "काही करू नकोस. आधी तिचं ओरडून होऊ दे." ओरड, बाल्बिना. हवं तेवढं ओरड, मलाही बोल. पण फोन ठेवू नकोस. ती आमारोसारखीच आहे. गप्प बसली तर पुन्हा सांगायची नाही.

तुझीच,
मिनिया