काकानं जाळलेला कागद

गुरुवार, दिवेलागण

आज म्या लय घाण काम केलं. गौतमकाकाले ठाणेदाराच्या आवाजात फोन लावला.

काका आमच्या गल्लीतले टेलर. संसदेत त्या नव्या सुरक्षा कायद्यावर चर्चा चालू हाय, तं काका दुकानात पेपर मोठ्यानं वाचते. "निस्त्या संशयावर उचलतीन, अन् आपन विचाराचंबी नाई?" म्हणते. खासदाराले द्यायले त्याईनं विरोधाचा कागद केलता. गल्लीनं सह्या केल्या. म्याबी.

मले वाटलं, काका कलम विचारतीन, झापतीन, मंग हासू.

"कागद तुमी फिरवून राहिले का? नाव आलं तुमचं."

"हो साहेब."

कोणतं ठाणं, एवढं तरी विचारावं ना माणसानं! नाई. निस्तं हो साहेब, हो साहेब. दर रविवारी विहारात संविधान वाचून दाखवणारा माणूस!

पळत गेलो तं काका इस्त्रीच्या निखाऱ्यावर कागद जाळून राहिले होते.

"काका, काहून?"

"चुकीचं लिवलं होतं रे. घरी जाय तू."

आता गल्ली म्हणते, टेलर विकल्या गेला. काका मान खाली घालून मशीन चालवते. म्या खरं सांगतलं तं लोकं म्हणतीन, पोट्ट्याच्या आवाजाले भेला. विकल्या गेलेला बरा का भेलेला? मले समजून नाई राहिलं.

ही वही कोणाच्या हाती लागली तं हात जोडतो बावा, कोणाले सांगू नको. माह्यासाठी नाई, मार मी खाऊन घेईन. पन हे कळलं तं काका पुन्हा कधी मोठ्यानं पेपर वाचनार नाईत. कोणालेच सांगू नको.