मंगळवारी बंद पडणारा लॅपटॉप

५ ऑगस्ट, मंगळवार. नांदेड

“अक्का, हे बंद पडलं तर घाबरू नको. ते काय म्हणतंय ते आधी वाच.” बारा वर्षांपूर्वी मला लिनक्स शिकवताना महेश म्हणाला होता. तेव्हा लॅपटॉप त्याचा होता. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि लॅपटॉप माझ्याकडं आला.

आज सकाळी वाचलं. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं, शेवटच्या ओळीत ‘कर्नल पॅनिक’. म्हणजे मशीनच घाबरलेलं.

पाचव्यांदा सुरू झालं. पडद्यावर आधी त्याचं नाव येतं, महेश. मग पासवर्डची चौकट. ते नाव मी बदललेलं नाही. धाकट्या भावाचं रोजचं भेटणं एवढंच उरलंय. त्याच्यावरचं पुस्तकही यातच लिहितेय. हे गेलं तर

नको.

८ ऑगस्ट, शुक्र.

कालपासून एकदाही अडलं नाही. जसं काही झालंच नव्हतं.

सलीमभाईंना फोन. वजिराबादेत दुकान, इतकी जुनी मशीनं आता तेच उघडतात. म्हणाले, चालू असताना आणलं तर मला काय दिसणार? कधी बंद पडतं, त्याआधी काय केलं, तारीखवार लिहून ठेवा. लिहिणारी बाई म्हणवता, तर एवढं लिहा. बरं.

१२ ऑगस्ट, मंगळ.

रवि-सोम नेहमीप्रमाणं लातूरला, वडिलांकडं. महेशच्या मागं आप्पा एकटेच आहेत. मी तासिका तत्त्वावर शिकवते, सोमवारी तास नसतात, म्हणून जमतं. लॅपटॉप सोबत. काल संध्याकाळच्या एसटीनं परत.

आज सात वेळा पॅनिक. आठव्यांदा उठलं. प्रकरण सहावं उघडलं तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. महेशचे दवाखान्यातले शेवटचे अकरा दिवस. पेन ड्राइव्हवरही तेच. बिघडलेलंच तिथं उतरवत गेले होते.

रडू आलं नाही. उठले, भांडी घासली. एकच पातेलं दोनदा घासलं बहुतेक.

नोंदी पाहिल्या. दोन्ही वेळा मंगळवार, दोन्ही वेळा लातूरहून आल्यावर. सलीमभाईंना कळवलं. म्हणाले, “मॅडम, लोह्याकडून येता न्हवं? त्या रस्त्यानं माझी कंबर पॅनिक होते, मशीनचं काय घेऊन बसलात.”

१४ ऑगस्ट, गुरु.

दुकानात. त्यांनी मेमरीची तपासणी लावली. पडद्यावर लाल ओळीच ओळी. रॅम, म्हणाले. मशीन पालथं केलं. तळाला महेशनं स्वतःच्या अक्षरात नाव लिहून चिकटवलेला कागद. त्याला लागूनच रॅमचं झाकण, बारीक फटींचं. स्क्रू काढले, झाकण उचललं.

आत राख. रॅमच्या खाचेत घट्ट बसलेली. कडेनं ओल सुकून हिरवट झालेलं.

मी म्हटलं, खडूची भुकटी असेल. पिशवीत पांढरं दिसायचंच, मी झटकून टाकायची. त्यांनी चिमटीत धरून वास घेतला.

“खडू न्हाई मॅडम. कुणाच्या तरी देवाची हाय.”

ब्रशनं काढलेली राख त्यांनी फुंकरली नाही. कागदात पुडी बांधून माझ्या हातात दिली. तिथंच ओळखली. कापराचा वास, लातूरच्या आमच्याच घरातली विभूती.

खाच साफ केल्यावर मशीन पहिल्या दमात उठलं. पण ताकीद दिली: ओली राख अशीच जात राहिली तर खाच खाऊन टाकेल, आणि याचा बोर्ड आता कुठंच मिळत नाही.

रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं. घराचा पत्ता पटकन सांगता येईना.

१८ ऑगस्ट, सोम. लातूर

अंघोळीला जाते म्हणून नळ सोडून ठेवला आणि दाराआड उभी राहिले. स्वतःच्या बापावर पाळत.

आप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपली. माझ्या पिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर पालथा घेतला. विभूती पाण्यात कालवली. तीन बोटं. महेशच्या नावावरून, शेजारच्या फटींवरून, तीन पट्टे. आम्हा दोघांना शाळेत जाण्याआधी लावायचे तसेच. हनुवटी धरावी तशी डाव्या हातानं कड धरलेली. ओल जिरेपर्यंत थांबले, मग पंच्यानं वरचं पुसून परत पिशवीत.

धावत जाऊन अडवायला हवं होतं. दाराआडच थांबले. आत नळ वाहत राहिला.

दुपारी सगळं सांगितलं. राख, खाच, सहावं प्रकरण. त्यांनी ऐकून घेतलं. पंच्याची घडी केली.

“लेकराचं कपाळ हाय ते. तिथं न्हाई तर सोमवारचं मी लावू कुणाला?”

उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

१९ ऑगस्ट, मंगळ. नांदेड

नऊ वेळा. दहाव्यांदा महेशचं नाव आलं, अर्धं पुसट, आणि पडदा गोठला. सलीमभाईंनी पुन्हा साफ करून दिलं. या खेपेला विनोद केला नाही. अजून एखाद-दुसरी वेळ टिकेल, म्हणाले.

२३ ऑगस्ट, शनि.

नवरा म्हणतो, लॅपटॉप इथंच ठेव. दुरुस्तीला दिलाय म्हणून सांग. बरोबरच आहे त्याचं.

दुपारी आप्पांचा फोन. औषधं झाली, पाऊसपाणी झालं. ठेवता ठेवता: “घेऊन येतीस न्हवं?” काय, ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. हो म्हटलं.

पिशवीत भरला.

२४ ऑगस्ट, रवि. लातूर

गिळलेलं उत्तर आठवडाभर मनात आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मी आमच्यात नसलेल्याशी लग्न केलं. आप्पा ना ओरडले, ना दार लावलं. माझ्या हातचं जेवतात, माझी पुस्तकं चष्मा पुसून वाचतात, जावयाच्या गुडघ्याची चौकशी करतात. फक्त त्या दिवसापासून माझ्या कपाळाला त्यांचा हात लागलेला नाही. “आता तू त्या घरची,” इतकंच म्हणाले होते, तेही शांतपणे. त्या शांतपणाला मी कधी प्रश्न केला नाही. सोमवार एकट्या महेशचे झाले.

उद्या नळ सोडायचा नाही. त्यांच्या आधी अंघोळ करून पाटासमोर बसायचं, पिशवी माझ्या पाठीमागं. ते म्हणतील, चहा निवून राहिला. किंवा विभूतीची वाटी हातात धरून पिशवीकडं बघत राहतील. मी त्यांना ओळखते. तरी वाक्य तयार ठेवलंय. तीनदा खोडून एवढंच राहिलंय:

“आप्पा, त्याला राहू द्या. आज मला लावा.”