आरपार दिसणारी पर्स

प्रिय ताई,

हे पत्र तू स्वतःच वाच. शेजारच्या काकू कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस. म्हणूनच अक्षर मोठं काढलंय आणि दोन ओळींत जागा सोडलीय. एका बैठकीत झालं नाही तर दोन-तीन बैठकांत वाच, घाई नाही. फोनवर हे सांगायचा प्रयत्न मी तीनदा केला. पण मी मुद्द्यावर येईपर्यंत तू जेवणाचं विचारतेस, मी जेवले म्हणते आणि सुटते. झालंय असं की माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीपायी इथल्या एका बाईंची जागा गेली. त्यांचं पुढे काय झालं ते तुला सांगायचंय. आणि त्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, ती मी फार वर्षं टाळलीय.

बढती मिळाली एवढंच तुला सांगितलं होतं. कशावर मिळाली ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. मी आता गेटवर बसते. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरणाऱ्या कारखान्याच्या गेटवर. मला टेबल आहे, खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नव्वद बायकांची हजेरी माझ्याकडे आहे. हे वाचून तू पत्र खाली ठेवशील हे मला ठाऊक आहे. ठेव थोडा वेळ. मग पुन्हा घे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोजणीत पट्ट्या कमी भरायला लागल्या. एका दिवशी चार, एका दिवशी अकरा. मॅनेजरबाईंनी ठरवलं की यापुढे सगळ्यांनी कारखान्याने दिलेली आरपार दिसणारी पर्स आणायची, प्लास्टिकची, निळ्या काठाची. आपली पर्स घरी ठेवायची. त्यांनी स्वतःसाठीही तशीच घेतली. खरं सांगू, मला बरं वाटलं होतं. आता कुणाच्या पर्समध्ये कुणी हात घालणार नाही, असं वाटलं. बाहेरूनच सगळं दिसेल, तर उलटी करून टेबलावर ओतायची वेळच येणार नाही. असं मला का वाटलं असेल ते तुला सांगायला नको.

पहिल्या दिवशी फार हसलो आम्ही. सगळ्यांचं सगळं उघडं पडलं. आमच्या हेडबाई सगळ्यांवर डाफरतात, त्यांच्याकडे एकात एक अडकवलेल्या सात सेफ्टी पिना, बामच्या दोन डब्या आणि शिट्टी. शिट्टी कशाला विचारलं, तर म्हणाल्या की वेळ काय सांगून येते का. चिकटपट्टीवर काम करते तिच्याकडे दाताच्या डॉक्टरांचं कार्ड. तीन वर्षं दाढ दुखतेय, कार्ड कापडासारखं मऊ पडलंय आणि दाढ आहे तिथेच आहे. एकीजवळ जुन्या भाड्याच्या घराची किल्ली निघाली. ते घर सोडून सहा वर्षं झाली. मालकाने कुलूप बदललं असेल, असं मी म्हटलं, तर म्हणाली, असेना का, किल्ली तर माझी आहे. एकीकडे मुलांचा नाही, नवऱ्याचा नाही, स्वतःचाच पासपोर्ट फोटो, लग्नाआधीचा. आपण अशी होतो हे कधी कुणाला दाखवायची वेळ आली तर असावा, म्हणाली. आणि माझ्या पर्समध्ये काय होतं ते तू ओळखलं असशील. माझ्या सगळ्या गुणपत्रिकांच्या प्रती, दोन संच, पाण्यापासून जपायला पिशवीत घातलेले. हेडबाईंनी पर्स हातभर लांबून न्याहाळली आणि विचारलं की वाटेत कुणी माझी परीक्षा घेतं की काय. सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पण प्रती काढल्या नाहीत. आपल्या घरात आधी कुणाकडे असं काही नव्हतं ना, त्यामुळे ते जवळ नसलं तर आपल्याला बाहेर काढतील असं वाटत राहतं.

नोंदवहीचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ती माझीच अक्कल. मला वाटलं, नुसतं दिसून काय उपयोग, लिहिलेलं हवं. सकाळी येताना कुणाकडे काय आहे ते लिहून ठेवलं की संध्याकाळी जाताना कुणावर खोटा आळ यायला नको. जाड वही आणली, प्रत्येक बाईला एक पान दिलं, पानांवर आकडे टाकले, पट्टीने रकाने आखले. वस्तू, नग, रंग. आणि शेवटी एक छोटा रकाना, कशासाठी. तो रकाना कशाला आखला ते आजही मला नीट सांगता येत नाही. वही पूर्ण दिसावी म्हणून, एवढंच.

मोजणीच्या टेबलावर एक मावशी आहेत. सगळे त्यांना मोजणीमावशीच म्हणतात. शंभर पट्ट्यांचा गठ्ठा त्या बोटांनी पंख्यासारखा पसरतात आणि एक कमी असली तर न मोजता सांगतात. त्यांच्या पर्समध्ये चष्मा, रुमाल, किल्ली आणि गोळ्यांची अर्धी पट्टी. गोळ्यांच्या कारखान्यात बाहेरच्या गोळ्या आणायच्या तर दुकानाचं बिल दाखवावं लागतं. त्यांनी दाखवलं. मी नोंद केली आणि शेवटच्या रकान्यापाशी आले. हळू आवाजात विचारलं. त्याही हळूच म्हणाल्या, "मनाच्या आजाराच्या आहेत. नऊ वर्षं घेते. लिही बाई, खोटं कशाला लिहायचं." आणि मी लिहिलं, ताई. सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईने. वही दिवसभर टेबलावर उघडी असायची, कारण लपवण्यासारखं काही नाही असं मी समजत होते.

तीन दिवसांत अख्ख्या कारखान्यात झालं, मोजणीमावशीला डोक्याच्या गोळ्या आहेत. डबा खायला त्या बसल्या की बाकावर दोन्हीकडे जागा सुटायला लागली. कुणी वाईट बोललं नाही, बोललं असतं तर एक वेळ बरं. मग पट्ट्या पुन्हा सात कमी भरल्या आणि कुणीतरी मॅनेजरबाईंना म्हणालं की अशा गोळ्या घेणाऱ्या बाईची मोजणी धरायची कशी. दुसऱ्या दिवशी मावशी रिकामी खोकी घडी करायच्या कामावर होत्या, मागच्या शेडमध्ये. संध्याकाळी माझ्यासमोर पर्स धरून उभ्या राहिल्या तेव्हा पर्समध्ये गोळ्या नव्हत्या. मी विचारलं. तर म्हणाल्या, दुपारची गोळी सोडली, दिसायलाच नको. मी वही मिटली. त्या आजारी पडल्या असत्या तर ते माझ्या अक्षरामुळे.

मी मॅनेजरबाईंकडे गेले. चूक माझी आहे, मावशींची मोजणी कधी चुकली नाही, मागच्या वर्षभराचे कागद काढून बघा, असं म्हणाले. त्यांनी कागद बघितले. मग माझी वही मागवून चाळली, बराच वेळ चाळली, आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं म्हणून तुला गेटवर बसवलं. कुणाचं काय लिहायचं नाही, हे कुणी शिकवलं नाही का तुला?" मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, खरंच. शाळेत लिहायलाच शिकवतात. वही बंद करायला त्या तयार होत्या. मावशींना परत टेबलावर घ्यायलाही नाही म्हणाल्या नाहीत. पण म्हणाल्या, बायका शेजारी बसायला हव्यात ना, ते माझ्या हुकमाने होत नाही, तू बघ काय ते.

मग मी डब्याच्या खोलीत गेले. नव्वद जणींसमोर उभी राहिले. सांगितलं की जे लिहिणं माझं काम नव्हतं ते मी लिहिलं, आणि त्याची शिक्षा मावशींना झाली. मग हेडबाई म्हणाल्या, "आणि माझ्या पानावर काय काय लिहिलंयस? बघू तरी." मी वही पुढे केली. त्यांनी आपलं पान वाचलं, बाम, पाठदुखीसाठी. म्हणाल्या, पाठ दुखते म्हणून हिने लिहिलंय, उद्या मला पण खोक्यांवर पाठवतील. हसायला आलं, पण हसणं लगेच थांबलं, कारण प्रत्येकीला आपलं पान आठवलं. एकेक जण उठून आपलं पान मागायला लागली. ताई, आकडे टाकलेल्या वहीचं पान फाडायचं नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी पट्टी लावून लावून नव्वद पानं फाडली आणि जिचं तिला दिलं. मॅनेजरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी शेवटी रिकामा पुठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या की निदान फाडलंस तरी सरळ रेषेत.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नकोस. मावशी परत मोजणीवर आल्या त्या दोन दिवसांनी, आणि त्याचं खरं कारण असं की त्यांच्याशिवाय हिशेब जुळेना आणि पुन्हा मोजायला थांबायची कुणाची तयारी नव्हती. शेजारची बाई पहिल्या दिवशी टेबलाच्या अगदी कडेला बसली होती. आता नीट बसते. परवा मावशी आपली दुपारची गोळी विसरल्या, म्हणून त्यांनी तिलाच आठवण करायला सांगितलं आहे, आणि ती बाई रोज दोन वाजता शाळेच्या मास्तरासारखं विचारते, घेतली का. पर्स अजून आरपारच आहे, पण आता आत एक छोटी कापडी थैली ठेवायची परवानगी आहे आणि ती कुणी उघडायची नाही, असा कागद गेटवर लावलाय. पट्ट्या टेबलावरच मोजून सही होते. सात पट्ट्या कुठे गेल्या ते अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल.

आता ते दुसरं. तू एकवीस वर्षांची होतीस, मी तेरा. तू त्या दुसऱ्या कारखान्यात पट्ट्या भरायचीस. एक दिवस तू लवकर घरी आलीस आणि काम संपलं एवढंच म्हणालीस. मग पर्स उलटी केलीस, गादी उचललीस, चुलीमागे बघितलंस. काय शोधतेस ते आईला सांगितलं नाहीस. मला चार-सहा महिन्यांनी आईकडून कळलं. गेटवर तुझ्या पर्समध्ये आईच्या दम्याच्या गोळ्यांची पट्टी सापडली, तू ती दुकानातून घेतली होतीस, पण बिल दाखवता आलं नाही. त्यांनी वहीत चोरी असं लिहिलं आणि तुझ्याकडून अंगठा घेतला. तू सही करायला शिकलीस ती त्यानंतर, माझ्या पुस्तकांवरून. त्या दिवसापासून तू दुसऱ्या कुठल्या गेटवर उभी राहिली नाहीस. घरीच शिलाईचं मशीन घेतलंस आणि त्याच्या कमाईवर मला शिकवलंस.

ते बिल माझ्याकडे होतं. आदल्या संध्याकाळी मला गणितं सोडवायला कोरा कागद हवा होता. तुझी पर्स खिळ्याला होती. बिलाची मागची बाजू कोरी होती. मी ते घेतलं, त्यावर तीन गणितं सोडवली आणि वहीत ठेवून शाळेत गेले. तू गादी उचलून शोधत होतीस तेव्हा मला आठवलं नाही, हे खरं आहे. पण आईने सांगितलं तेव्हा आठवलं. वही काढली, त्यात ते होतं. तेव्हाही मी बोलले नाही, कारण तू म्हणालीस की माझं झालं ते झालं, हिची शाळा थांबवायची नाही, आणि मला वाटलं की खरं सांगितलं तर थांबेल. मग वर्षं गेली आणि सांगणं आणखी अवघड होत गेलं. बिल मी टाकलं नाही. दुकानाचा शिक्का आहे, तारीख आहे, गोळ्यांचं नाव आहे, सगळं अजून वाचता येतं.

हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही. माफी तू दे किंवा देऊ नकोस, मी मागायला समोर येईनच. मी लिहिलं ते तुझी परवानगी घ्यायला. मागच्या आठवड्यात मी त्या कारखान्यात चौकशी केली, तुझं नाव न घेता. गेटच्या जुन्या वह्या ते बारा वर्षं ठेवतात, मग रद्दीत घालतात. हे अकरावं वर्ष आहे. तुझं पान अजून तिथे आहे. ते बिल घेऊन मला जायचंय आणि त्या ओळीखाली खरं काय होतं ते लिहून घ्यायचंय, त्यांच्या सहीने आणि शिक्क्याने. पण नाव तुझं आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय मी एक अक्षर बोलणार नाही. तू नको म्हणालीस तर बिल तुझ्या हातात देईन, तुझंच आहे ते. हो म्हणालीस तर पुढच्या गुरुवारी मला सुट्टी आहे. तू यायलाच हवंस असं नाही, पण आलीस तर या वेळी अंगठा नाही, तू सही कर. गेटवर कुणीतरी माझ्यासारखीच मुलगी बसलेली असेल. जुनी वही शोधायला तिला वेळ लागेल. लागू दे. आपण दोघी थांबू.

तुझीच,
धाकटी