जर्सीसाठी माणूस

असोदा
ऑगस्ट १९९१

प्रिय तोताराम,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने सायकलवरूनच 'सिंगापूर, सिंगापूर' म्हणून ओरडून अर्ध्या गल्लीला कळवलं. खुशाल आहे असं लिहितोस, पण गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही. मागच्या फोटोत पट्टी बांधलेली होती. सूज तर नाही ना? तुझी आई विचारते असं लिहिणार होतो, पण मीच विचारतो आहे.

क्लबबद्दल मी एवढं काय विचारतो म्हणून तू हसलास. हस बाबा. पण संध्याकाळी बस थांब्यावर बसलो की लोटन हटकतोच, "नाना, तोताच्या गोऱ्यांचं काय चाललंय?" मग मला सगळं सांगावं लागतं. ऑस्ट्रेलियाचे इंजिनियर आणि बँकेतले लोक, घरापासून लांब आलेले. शनिवारी करमेना, म्हणून एकाने गावाहून त्यांच्याकडच्या फुटबॉलचा चेंडू मागवला. क्रिकेटचं मैदान सकाळपुरतं मागून घेतलं, खांब नव्हते तर बांबू रोवले. माणसं पुरेनात, तेव्हा कंपनीत जो धावू शकेल त्याला धरून आणलं, त्यात तू सापडलास. इथपर्यंत माझं ठीक चालतं. पण दोन्ही टोकांना चार-चार खांब कशाला, आणि चेंडू मधल्या दोनांतून न जाता बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण का देतात, इथे लोटन मला अडवतो. म्हणतो, "चुकल्याचाबी गुण? मग माझा पोरगा मॅट्रिक झाला असता." मला मात्र तो नियम फार आवडला. आणि उंच उडी मारून चेंडू झेलणाऱ्याला तुमच्यात मान असतो, हे वाचून मी तुझ्या आईला म्हटलं, ट्रकवर केळीचे घड झेलून त्याचे हात तयार झालेत. हे त्या लोकांना सांगितलंस का?

तू पाठवलेल्या लाल चेंडूची गोष्ट लोटन अजून सगळ्यांना सांगत फिरतो. हवा काढलेला आला होता, म्हणून सुपडूच्या पंक्चरच्या दुकानात नेला. हवा भरली तरी लांबटच. मला घोर लागला, प्रवासात बिघडला की काय. म्हटलं, गोल होईपर्यंत भर. सुपडू भरत राहिला आणि शेवटी शिवण उसवली. मग तोच मला म्हणतो, "नाना, त्याचा जलमच असा हाये, कशाला मारता त्याले?" चांभाराकडून टाके घालून घेतले. गेल्या खंडेनवमीला विळे, कोयते, ट्रॅक्टरचे पाने पूजेला मांडले, तर तुझ्या आईने चेंडू आणून मधोमध ठेवला. मी म्हटलं, हे काय अवजार आहे? "माझ्या लेकाचं हाये," म्हणाली, आणि हळदकुंकू लावून मोकळी झाली. हळदीचा डाग अजून गेला नाही.

या खेपेला तू लिहिलंस ते मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्याकडे कोणी टिकत नाही, नोकरीची दोन-तीन वर्षं संपली की माणूस घरी जातो. तरी क्लब मोडला नाही. कारण पहिल्यांदा जो गेला, त्याने आपली जर्सी एका नव्या माणसाच्या अंगात घातली आणि मगच विमान धरलं. तेव्हापासून तीच रीत पडली, आपल्या जागी माणूस आणल्याशिवाय जायचं नाही. हे मला लगेच समजलं. आपली पिलबाग तशीच. घड उतरला की झाड कापतो, पण बुंध्याशी राखलेलं पिल उभं असतं, पुढचा घड तेच देतं. केळी न लावता त्या लोकांना हे कसं सुचलं, याचं नवल वाटतं.

मग मी तुझे सगळे फोटो काढून बसलो. पहिल्या फोटोतला एकही चेहरा शेवटच्या फोटोत नाही. फक्त तू. आधी कडेला उभा असायचास, आता मधे खुर्चीवर बसतोस. नव्यांना जुन्या गोष्टी तूच सांगतोस म्हणे. म्हणजे त्यांच्या क्लबचा इतिहास असोद्याच्या पोराच्या तोंडी! छाती फुगली, आणि जेवण काही गेलं नाही. ज्यांचा खेळ ते सगळे घरी गेले. सगळ्यांच्या जर्सीला माणूस मिळाला, बहुतेकांना तूच शोधून दिलास. तुझी जर्सी तेवढी तुझ्याच अंगात.

केळीची कांदेबाग लावायचे दिवस जवळ आले, म्हणून हे पत्र. कंद आणायला रावेरला जावं लागेल, आणि एकट्याने मळा माझ्याकडून होत नाही. लोटन मळा करायला मागतो आहे, कायमचा. माणूस चांगला आहे. मी त्याला थोडं थांब म्हटलं आहे. तू ये, असं मी लिहीत नाही. तिथे तुझं बरं चाललंय, फोटोत दिसतं. एवढंच कळव, तुझ्या जर्सीसाठी माणूस शोधतो आहेस का. शोधत असशील तर मी कंद आणतो. नसशील तर तसं सरळ लिही, मनात भीती ठेवू नकोस. तुमच्यात बाजूने गेलेल्यालाही एक गुण असतो, तो मी देईन. मग मी इथे माझ्या जागी माणूस बघतो. आणि गुडघा शेकत जा.

तुझाच,
नाना