ओसरीला भिंत घालू नये

मी, त्रिंबक अनंत हिप्परगेकर, वय वर्षे सत्तावन्न, पूर्वीचा व्यवसाय संस्कृत शिकवणे, हल्लीचा मधुमेह सांभाळणे, राहणार उत्तर कसबा, सोलापूर, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझी बुद्धी स्थिर आहे. उजव्या पायाबद्दल तसे म्हणवत नाही; परवा तो गुडघ्याखाली कापणार आहेत. परत आलो तर हा कागद फाडीन. न आलो तर माझा एकुलता मुलगा चि. प्रल्हाद याने तो शेवटपर्यंत वाचावा. पहिल्या कलमानंतर उठू नये.

कलम १. राहते घर प्रल्हादचे. ओसरी मात्र आहे तशी उघडी ठेवावी. तिला भिंत घालून दुकान काढायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. तो म्हणतो, "अण्णा, सकाळी सकाळी लोकांची लघवी उकळायची! हे घर आहे की दवाखाना?" दोन्ही आहे, बाळ. उतारवयात साखर लागलेले आम्ही चार-पाच जण तिथे रोज जमतो. काचेच्या नळीत निळे औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळे राहिले तर बिनसाखरेचा चहा. विटकरी झाले, म्हणजे साखर उतरली, तर सर्वांसमक्ष चौकशी आणि मग तोच चहा.

कलम २. दिवा, नळ्या व औषधाची बाटली माझे ओसरीवरचे मित्र, गिरणीतले महिपती यांस. "गुरुजी, नळी विटकरी झाली की! काल कुणाच्या बारशाला जेवलासा?" असे गल्लीभर ऐकू जाईल इतके ओरडण्याचा हक्कही त्यांच्याकडेच राहील. पुस्तके शाळेला द्यावीत. ती उघडलीच पाहिजेत अशी अट नाही.

कलम ३. माझा राग. आमचा दुसरा नियम असा की नळी झाल्यावर प्रत्येकाने शेजाऱ्याचे तळवे पाहायचे. या रोगात पायात खिळा रुतला तरी कळत नाही, आणि पोट सुटलेल्याला स्वतःचा तळवा दिसत नाही. गुळाचे आडते रुद्रप्पा माझ्या शेजारी बसत. दर सोमवारी अनवाणी सिद्धेश्वराला जात, आणि ओसरीवर पाय धोतरात दडवत. "गुरुजी, तुमच्याकडं तळवा करू? माझ्या पोरास्नी शिकिवलंय तुमी. पाप लागतंय की!"

"पाप माझ्या नावावर लिहा," मी म्हणालो. श्लोकही म्हटला. श्लोकाने धोतर वर सरकत नाही. पाय सडल्याचे पुढे वासावरून कळले, तेव्हा उशीर झाला होता. गेल्या ज्येष्ठात ते गेले. त्यांच्यावरचा राग मी कोणाला देत नाही. बरोबर नेतो, तिकडे भांडायला उपयोगी पडेल.

कलम ४. ओसरीचा वापर रुद्रप्पांच्या पत्नी मायाक्का यांना हयातीपर्यंत. साखर त्यांनाही आहे. नवरा गेल्यावर महिनाभराने त्या आल्या, पुरुषांत कधी न बसलेल्या, आणि माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "त्येंनी दावला न्हाय. तुमी तरी दावा, गुरुजी." तेव्हापासून माझे तळवे त्याच पाहतात. संक्रांतीला मी बहिणीकडे बार्शीला राहिलो. तिथे पाहणारे कोणी नव्हते. परतलो त्या सकाळी अंगठ्याखालचा काळा डाग मायाक्कांना दिसला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कापायला मीच उरलो नसतो. काल मायाक्का भेटून गेल्या. "एक ऱ्हाईलाय की," म्हणाल्या. "त्यो दावायला या." मी हो म्हटले आहे. माझ्याच्याने ते पाळणे झाले नाही तर क्षमा असावी.

कलम ५. प्रल्हाद, दिवाळीत तू पानावर बसल्या बसल्या तांब्या रिकामा करत होतास. तू लघवीला जाऊन आलास की मोरीला मुंग्या लागत होत्या. मी विषय काढला, तर म्हणालास, "अण्णा, तुम्हाला हल्ली सगळीकडे साखरच दिसते." दिसते खरी. म्हणून घराचा ताबा घेण्यापूर्वी तू एक सकाळ ओसरीवर बसावेस, स्वतःची नळी उकळावीस आणि तळवे मायाक्कांपुढे करावेत. वकील म्हणतात, अशी अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. घर नको असेल तर घेऊ नकोस, बाळ. ती एक सकाळ घे.

सही: त्रिं. अ. हिप्परगेकर

वरील सही आमच्यादेखत झाली:
१. अण्णाराव धोंडप्पा माळगे, शेजारी
२. शंकरप्पा गुंडा कोरे, शेजारी

सोलापूर, दिनांक ११ फेब्रुवारी १९७४