अनगोळातला ग्रँड पियानो

६ फेब्रुवारी
पियानो घेतला. तीन हजार नऊशे, तेही सवलतीत. खरा ग्रँड पियानो घ्यायचा तर कारखाना विकावा लागला असता, आणि घेऊनही तो बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या घराच्या जिन्यातून वर चढला नसता. म्हणजे निव्वळ फायदा. बायकोला, जयाला, हाच आकडा सांगितला.
खरा हिशेब इथंच राहू दे. हे पियानोचं सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपात मावेना, म्हणून लॅपटॉप नवा. सॉफ्टवेअरला पट्ट्या नसतात, म्हणून की-बोर्ड वेगळा. शिवाय हेडफोन, स्पीकर, गोल फिरणारं स्टूल. सगळं मिळून जयाच्या दोन पाटल्या सहज झाल्या असत्या. तिला सोन्याचा भाव रोजचा रोज माहीत असतो, पियानोचा नसतो. देवाची कृपा.

७ फेब्रुवारी, सकाळी
यंत्र समजून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, हा माझा नियम. तर यंत्र असं: परदेशात कुणीतरी खऱ्या ग्रँड पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात दाबून प्रत्येक आवाज रेकॉर्ड करून ठेवलाय. आपण इकडं पट्टी दाबली की लॅपटॉप त्यातला नेमका आवाज काढून देतो. की-बोर्डला स्वतःचे सेल आहेत, दिवा आहे, पण स्वतःचा आवाज नाही. दोघांमध्ये एक काळी वायर. ती नसली तर की-बोर्ड म्हणजे पोळपाट.
का घेतला, तेही लिहून ठेवतो. आमच्या मुलीचं, पूर्णिमाचं, लग्न ठरवायला निपाणीहून मारुतीराव आलते. मुलाचे वडील, तंबाखूचे जुने व्यापारी, भजनी मंडळात तीस वर्षं पेटी. मी दहावी नापास हे त्यांना कुठूनतरी कळलेलं होतं. चहा पिताना त्यांनी विचारलं, कारखाना सोडून तुम्हाला नाद कशाचा? मी म्हटलं, पियानोचा. तोंडातून गेलं. ते म्हणाले, ''मग रिसेप्शनला ऐकवाच, परशरामआण्णा. आमच्या मंडळातल्या कुणी पियानो जवळनं बघितलेला न्हाय.'' मीही बघितलेला नव्हता, पण ते बोलायची वेळ नव्हती.
आतून पूर्णिमा म्हणाली, ''आप्पा, ती शाळेची चाल वाजवा.'' तिला लुनावरून शाळेत सोडताना मी शिट्टीवर एक चाल म्हणायचो. माझीच. शब्द नाहीत, शेवट नाही. शाळेचं गेट आलं की थांबायची.
रिसेप्शन ११ मेला निपाणीत. लेथ मशीन मी आठवड्यात शिकलो होतो. हे तर बसून करायचं काम.

१२ फेब्रुवारी
बाजारातला स्टँड डुगडुगतो. मच्छे गावातल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात स्वतः बनवला. तळाची प्लेट जाड, पाय वेल्ड केलेले, वर लेव्हल लावून तपासला. फोरमन भरमू म्हणाला, ''मालक, ह्यावर पियानो ठेवायचा का प्रेस मशीन?'' चौघांनी वर चढवला. जिन्याच्या दोन फरश्या गेल्या.
काळी वायर सारखी निसटायची. तिला पोलादी क्लॅम्प करून स्टँडच्या पायालाच जखडून टाकली. दोन बोल्ट. आता जन्मात हलणार नाही. याला म्हणतात काम.

१३ फेब्रुवारी
दमलो होतो. सराव उद्यापासून, पहाटे पाचला.

१४ फेब्रुवारी
पहाट हुकली. पाच ही वेळच चुकीची आहे. सहा.

१७ फेब्रुवारी
पियानोत फॉल्ट सापडला! पट्टी सोडली की मागं बारीक 'टक्' येतं. पेडल उचललं की कुठंतरी फडकं झटकल्यासारखं होतं. दुसऱ्या कुणाला हे ऐकू आलं नसतं. मी कारखान्याच्या गेटवर उभा राहून आतल्या कुठल्या मशीनचं बेअरिंग खराब व्हायला लागलंय ते सांगतो, भरमू साक्षीदार आहे. माझ्या कानातून काही सुटत नाही. कंपनीला कडक तक्रार लिहिली. इंग्रजी पूर्णिमाकडून तपासून घेतलं. तिनं 'शेम ऑन यू' एवढं काढलं.

२१ फेब्रुवारी
उत्तर आलं. तो आवाज म्हणजे फॉल्ट नव्हे. खऱ्या पियानोच्या आतले लाकडी भाग हलतात, त्यांचा तो आवाज, आणि तो त्यांनी वेगळे माईक लावून मुद्दाम रेकॉर्ड केलाय. खरेपणासाठी. नको असेल तर कमी करायचं बटण आहे.
आमच्या पंपातून असा आवाज आला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. हे लोक त्याचे पैसे घेतात. धंदा शिकावा तर यांच्याकडून.
बटण शून्यावर नेलं. पियानो मेल्यासारखा वाटला. दहावर नेलं. आता सुतार काम करतोय असं वाटतं. सातवर ठेवलं. मग सहावर. संध्याकाळ झाली.

४ मार्च
या पियानोत फार सोयी आहेत. झाकण उघडं, अर्धं, बंद. माईक जवळ, माईक लांब. खोली लहान, हॉल मोठा, चर्च. चर्चमध्ये एक पट्टी दाबली की स्वयंपाकघरात जाऊन चहा घेऊन परत येईपर्यंत घुमत राहते. शेवटी 'मोठा हॉल' नक्की केला.
जयानं दारातून विचारलं, हे सगळं खरं, पण वाजवतासा कवा? तिला सांगितलं, आवाज सेट न करता सराव करणं म्हणजे टूल न लावता लेथ फिरवणं. ती म्हणाली, एक महिना झाला, नुसतं टूलच लावताय.
बायकांना मशिनरीतलं कळत नाही.

१८ मार्च
आज प्रत्यक्ष वादन. उजवा हात पहिल्या ओळीपर्यंत ठीक. डावा हात युनियनचा माणूस आहे. उजव्यानं काम सुरू केलं की हा बघत बसतो, आणि उजवा थांबला की याला जाग येते.
दुसरी अडचण, पट्टी दाबली की आवाज जरा मागून येतो. फरक पापणी लवण्याएवढाच, पण मला कळतो. पूर्णिमा म्हणाली, ''आप्पा, स्पीकर ब्लूटूथचा आहे म्हणून. वायरनं जोडा, उशीर जाईल.'' मी म्हटलं, मशीनला दोष देण्यापेक्षा कारागिरानं जुळवून घ्यावं. मी आता आवाजाच्या थोडा आधी पोचतो आणि त्याची वाट बघतो.

१९ मार्च
अंगठा सुजला. विश्रांती.

६ एप्रिल
रेकॉर्डिंग सुरू. लाल बटण दाबायचं आणि वाजवायचं, सगळं लॅपटॉपात उतरतं. आपलं वादन बाहेरून ऐकल्यावर धक्का बसला. माझ्या आत चाल व्यवस्थित वाजत असते. लॅपटॉपपर्यंत जाताना वाटेत काहीतरी होतं.
पण त्यालाही बटण आहे! मागं-पुढं पडलेले ठोके आपोआप ओळीत आणून बसवतं. दाबलं. आता चूक ती चूकच आहे, फक्त बरोबर वेळेवर येते.
भरमूला हेडफोन लावून ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, ''लई भारी, मालक. ह्यात गाणं कवा सुरू हुतंय?''

२० एप्रिल
रविवार. पूर्णिमानं माझी सगळी रेकॉर्डिंग मागितली. सासरी नेणार म्हणते, आठवण म्हणून. बापाची कदर मुलीलाच असते. दुपारभर माझ्याच लॅपटॉपासमोर हेडफोन लावून बसली होती. मध्येच विचारलं, ''आप्पा, तिसरी ओळ एकदा तरी पुरी आली होती का हो?'' मी म्हटलं, आलती. तू बँकेत होतीस तेव्हा. आईला विचार. जया म्हणाली, ''व्हय, एकदा आलती. मी कुकर बंद करून ऐकली.''
पूर्णिमानं शोधली. सापडली म्हणाली. मग डाव्या हाताचं विचारलं. मी म्हटलं, त्यात मी अजून बदल करतोय.

२ मे
मारुतीरावांचा फोन. अख्खं भजनी मंडळ रिसेप्शनला पुढच्या रांगेत बसणार आहे. साथीला पेटी आणू का, विचारत होते. मी म्हटलं, पियानोला साथ लागत नाही, पियानोच सगळ्यांना साथ देतो. फोन ठेवला आणि पाणी प्यालो.
जया म्हणाली, ''बोलून बसलासा न्हवं? आता निस्तरा.'' मग म्हणाली, ''फजिती झाली तर तुम्ही गाडीत बसून परत येशिला. पोरगी तिथंच ऱ्हाणार हाय.''
हे बरोबर आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं. आजपासून रोज चार तास.

३ मे
वीस मिनिटं. पत्रिका वाटायच्या राहिल्यात. काकतीला मेहुणा रुसून बसलाय.

७ मे
पहिली ओळ पक्की. दुसरी बहुतेक. तिसरीत मी उजव्या हाताला पाठवतो आणि प्रार्थना करतो. चौथीला शेवट नाही, कारण चालीलाच शेवट नाही. स्टेजवर शाळेचं गेट कुठून आणायचं?
तरी भीती नाही. नुसतं हॉलला मागचं दार आहे का, ते विचारून घेतलं.

१० मे
काल लग्न लागलं. बेळगावात, वेळेवर. पाठवणीच्या वेळी मी एकदम ठीक होतो. जया सांगते तसं काही झालं नाही, डोळ्यांत अक्षता गेली होती.
आज सामान बांधलं. स्टँड गाडीत मावेना आणि माणसांना उचलेना. तिथं टेबल आहे. भरमूनं की-बोर्ड चादरीत गुंडाळला. मी बोटांचा व्यायाम करत होतो.

१२ मे
काल निपाणी जिंकली!
सविस्तर लिहितो. टेबलावर की-बोर्ड, बाजूला लॅपटॉप, लॅपटॉप हॉलच्या साउंडला जोडलेला. भरमू खाली वाकून पिशवीत बराच वेळ शोधत होता. मला म्हणाला, ''मालक, ते वायरचं जरा...'' मी म्हटलं, तू बघ, मला मूड लावू दे. तो स्टेजवर नवरीपर्यंत गेला. पूर्णिमानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, लॅपटॉपाकडं बोट केलं. भरमू परत येऊन लॅपटॉपाजवळ मांडी घालून बसला. घामेजला होता. म्हणाला, ''आयतु मालक, झालं. मी मान हलवली की सुरू करा.'' त्याच्याकडून कशाला परवानगी, पण त्याचं मन मोडलं नाही.
पुढच्या रांगेत मंडळ. मारुतीराव मधोमध, हाताची घडी. की-बोर्डचा दिवा लागला. भरमूनं मान हलवली. मी बसलो तो थेट शेवटालाच उठलो.
काय वाजलं म्हणून सांगू! आवाजाला उशीर अजिबात नव्हता. उलट दोनदा माझं बोट पोचायच्या आधीच स्वर आला. इतका तो पियानो माझ्या मनातलं ओळखायला लागलाय. तिसऱ्या ओळीत माझी बोटं एकमेकांत अडकली, तरी ओळ पुरी निघाली. सरावाचं फळ असंच असतं, हात विसरला तरी विद्या विसरत नाही. डावा हात मी भीतीनं मांडीवरच ठेवला होता. तरी खालचे सूर भरदार आले. मोठा हॉल सेट केला होता, त्याचा गुण.
आणि चालीला शेवट आला. मी तो कधी बसवलाच नव्हता. सूर हळूहळू उतरत गेला, लुनाचं इंजिन बंद करावं तसा, आणि थांबला. मला क्षणभर शाळेचं गेट दिसलं. वर बघितलं तर पूर्णिमा स्टेजवर पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही.
मारुतीरावांनी उठून हात धरले. म्हणाले, ''आण्णा, तुमचे हात लटलटत होते. पण सूर एक न्हाय हलला. तीस वर्षं पेटी वाजवतोय, असं बघितलं न्हवतं.'' मंडळातले एक आजोबा की-बोर्डच्या खाली वाकून बराच वेळ बघत होते. कलेविषयी कुतूहल.
भरमूला दोनशे रुपये दिले. घेईना. बळेच खिशात कोंबले.
परतीच्या वाटेवर जया आहेर मोजत होती. काकती गेल्यावर म्हणाली, ''पोरगी हुशार हाय.'' मी म्हटलं, कुणावर गेलीय?

१३ मे
संकल्प: दुसरी चाल. दिवाळीत बेळगावात छोटा कार्यक्रम. मंडळाला खास आमंत्रण. भरमू कायमचा मदतनीस.

१४ मे, सकाळी सहा
सरावाला बसलो. की-बोर्ड चादरीतून काढून स्टँडवर ठेवला. वायर सापडेना. पिशवी झटकली, गाडीची डिकी बघितली. भरमूला फोन केला, रिसेप्शनची वायर कुठं ठेवलीस? तो म्हणाला, मालक, इथं मशीनचा लई आवाज येतोय, ऐकू येईना. मला तर मागं कोंबडा आरवलेला ऐकू आला.
शेवटी चष्मा लावून स्टँडखाली वाकलो.
वायर क्लॅम्पमध्येच आहे. दोन्ही बोल्ट घट्ट.