मशीन वाढवा

१६ एप्रिल, बुधवार

पोचले एकदाची. कोल्हापूर ते कुंभकोणम, मधे गाड्या बदलून दीड दिवस, पाठीचा पार खुळखुळा झालाय, तरी आज मी खूश आहे हे लिहूनच ठेवते. पुण्याच्या कंपनीने नारळ दिल्यापासून या वहीत नुसती रडगाणी आहेत. आजपासून बंद.

काम तीन महिन्यांचं. कृष्णकुमार म्हणून इथले एक मराठी गृहस्थ आहेत. घराणं तंजावरच्या मराठ्यांबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांचे वडील व्यंकोबा मरुदानल्लूरच्या भजनमठात चाळीस वर्षं गायले. त्या सगळ्या कॅसेटी एका कॉम्प्युटरवर उतरवलेल्या आहेत. त्यांची यादी लावायची आणि मशीनकडे बघायचं. अट एकच होती, मराठी आलं पाहिजे. चला, आईच्या भाषेचा कुठेतरी उपयोग झाला.

कृष्णकुमार सज्जन आहेत, थोडे रडवेले. त्यांची बायको विशालाक्षी मात्र माझ्या नमस्काराला मानही हलवेना. कॉफीचा पितळी पेला असा आपटला की निम्मी कॉफी माझ्या ओढणीवर. कॉफी फक्कड होती, म्हणून माफ केलं.

मधूला आईपाशी ठेवलंय. आठ वर्षांची पोरगी स्टेशनवर रडली नाही, मीच रडले. मेच्या शेवटी तिचा मामा तिला इकडे आणून सोडणार आहे. तेवढे दिवस ढकलायचे.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज मशीन पाहिलं. माडीवरच्या खोलीत आहे, डब्यावर हळदकुंकू वाहिलेलं. बाजूला यूपीएस नाही; तो खाली अंगणात, मीटरशेजारी, चांगला पेटीएवढा. कीबोर्ड जुना, त्याच्यावर चंद्रकोरीची कळ. ती दाबली की मशीन झोपतं.

झोपतं म्हणजे मरत नाही. पडदा काळा, पंखा गप्प, पण मेमरीला बारीकसा करंट चालू राहतो. पुन्हा कळ दाबली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे, मधे काही घडलंच नाही अशा थाटात. दुसरा प्रकार हायबरनेट: मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून मग वीज तोडायची. महिन्याने उठवा, तरी जिथल्या तिथे. तिसरा प्रकार सरळ बंद. त्यात मेमरी कोरी होते. कृष्णकुमारांना हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, हे मशीन सहा वर्षांत सरळ बंद झालेलंच नाही. असल्या हेळसांडीला माझ्या जुन्या साहेबाने पदक दिलं असतं.

मशीनसमोर वेताच्या खुर्चीत व्यंकोबा बसले होते. ऐंशीच्या घरातले, कपाळाला गोपीचंदन. मी वाकून नमस्कार केला. ते माझ्याकडे बघून "तुमी कोन" एवढंच म्हणाले आणि थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. माझ्यामागे विशालाक्षीचं बोट चंद्राच्या कळेवर होतं. ती म्हणाली, मामंजी थकतात, आता अमावास्येपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, खाली बसून कागद चाळा. सासऱ्याला मामंजी म्हणताना मी फक्त माझ्या आजीला ऐकलंय.

२२ एप्रिल, मंगळवार

कृष्णकुमारांनी आज मला बाजूला घेतलं. अमावास्येला ते पापनाशम्‌ला बहिणीकडे जाणार आहेत, त्यांना इथे राहवणार नाही. त्या सकाळी विशालाक्षी देवळात जाते, खोली उघडी असते. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अमावास्येदिशी मशीन वाढवा, भारतीबाई. माझ्या हातीं होईना, तेवढ्यासाठी तुमाला बोलावलं."

मेमरी वाढवायची तर रडायचं काय त्यात? आतल्या चार खाचांपैकी तीन रिकाम्या आहेत, पट्ट्या घातल्या की झालं. मी म्हटलं, निर्धास्त राहा, असं वाढवते की बघत राहाल. त्यांनी दोन्ही हातांनी माझे हात धरले. माणूस भाबडा आहे.

२७ एप्रिल, रविवार, अमावास्या

वाढवलं. फार दिवस झोपून मशीन आपणच हायबरनेट झालं होतं, डबा उघडला, दोन पट्ट्या घातल्या. खरं तर असं करू नये, मेमरी बदलली की जुनं काही उठत नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. पण घरचा नियम, सरळ बंद करायचं नाही. म्हटलं, फार तर नव्याने चालू होईल.

नव्याने चालू झालं नाही. आरामात उठलं, आणि खुर्चीतून व्यंकोबा म्हणाले, "गावचे?"

नऊ दिवसांनी. प्रश्न पुरा केला आणि उत्तराची वाट बघत हसले. मी कोल्हापूर म्हटलं, माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला. पडद्यावर पाहिलं तर तीन पट्ट्या दिसत होत्या. पहिली भरलेली. दुसरी, जी मी पाच मिनिटांपूर्वी पाकिटातून काढली, तीही काठोकाठ भरलेली. तिसरी रिकामी. काहीतरी गडबड आहे, उद्या बघेन.

२८ एप्रिल, सोमवार

कृष्णकुमार आले. वरून भजन ऐकू येताच पायरीवरच बसले. मी सांगितलं, वाढवलं, तिप्पट केलं. त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी व्यंकोबा या खोलीत गाताना मधेच कोसळले, त्याच क्षणी वीज गेली होती आणि मशीन झोपलं होतं. मशीन उठलं तेव्हा तेही उठले आणि ओळ पुरी केली. तेव्हापासून मशीन झोपलं की ते थांबतात, उठलं की पुढे चालू. विशालाक्षीने ते कधी बंद होऊ दिलं नाही. वडिलांना सोडवावं असं कृष्णकुमारांना वाटतं, पण बापाचा दिवा मुलाने कसा वाढवायचा?

दिवा वाढवायचा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आजी बांगडी फुटली म्हणायची नाही, वाढवली म्हणायची. कोपऱ्यावरचा वाणी दुकान बंद करत नसे, वाढवत असे. अशुभ तोंडाने उच्चारायचं नाही म्हणून उलटं बोलायचं. हे लोक अजून तसंच बोलतात, आणि मी दीडशहाणी, मराठी येतं म्हणून नोकरी मिळालेली, बाजारात जाऊन पट्ट्या घेऊन आले. त्यांनी बंद कर म्हटलं, मी जागा केली.

लाज वाटतेय. आत्ता जाऊन बंद करते. खोलीला आतून कडी आहे. आत विशालाक्षी आहे. मी दाराला हात लावला आणि

४ मे, रविवार

कडी वाजवली.

वही हातात तशीच, पेन तसंच. पण मी दारात नव्हते, वेताच्या दुसऱ्या खुर्चीत होते, व्यंकोबांच्या शेजारी. तारीख विशालाक्षीने सांगितली. सहा दिवस. मला एक क्षणही वाटला नाही. भूक नाही, तहान नाही, हाताला मुंग्याही आल्या नाहीत.

मी ओरडले, शिव्या दिल्या. ती शांतपणे म्हणाली, "मामंजी एकटे होते. आतां सोबत झाली."

दुसरी पट्टी कुणी भरली ते कळलं. मी माझ्या हाताने माझीच जागा केली.

पासवर्ड तिने बदललाय. खोलीची किल्ली तिच्या कमरेला. मी सरळ पळाले. रिक्षावाल्या मणीने स्टेशनवर सोडलं, तंजावरची गाडी मिळाली, खिडकीशी बसून हे लिहितेय. लांब गेले की तुटेल. सुटेलच. सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशन आलं, गाडी थांबली आणि

११ मे, रविवार

सुटली नाही. खुर्ची. तीच.

मणीने आणलं म्हणे. गाडीत बाई बाहुलीसारखी बसून राहिली म्हणून लोकांनी उतरवून कुंभकोणमला परत पाठवलं, तिथे त्याने ओळखलं. विशालाक्षीने त्याला जेवू घातलं.

ती खाली गेल्यावर कृष्णकुमार आले. मी विचारलं, आता वाढवलं तर?  त्यांना विचारायचं काय, मीच शिकवलं होतं: बंद म्हणजे मेमरी कोरी. व्यंकोबांबरोबर मीही.

पण तिसरी पट्टी रिकामी आहे. रिकामी राहणार नाही हे मला कळतंय, आणि मधू पंधरा दिवसांनी इथे येतेय. या खोलीत. आईला बघायला.

मला मरायचं नाही. खोटं कशाला लिहू, मला फार भीती वाटते. पण मधू इथे यायची नाही. आईला फोन लावते. ती फोन उचलताच मी ओरडून सांगतेय, आई, नीट ऐक, मधूला इकडे पाठवू

२४ मे, शनिवार

नको.

नको म्हणाले. तेरा दिवसांनी. फोन कधीच बंद पडलेला.

चार्ज केला, पुन्हा लावला. आई आनंदात. तू पाठव म्हणालीस आणि लाईन गेली, म्हणून घाईने तिकिटं काढली. मामा-भाची काल निघालेसुद्धा.

पाठवू नको. आमच्या भाषेत नको शेवटी येतं. तेवढंच राहिलं.

कृष्णकुमारांना सांगितलं, आत्ता वाढवा, माझी पर्वा नको. ते म्हणाले परवा, दुपारी बारानंतर अमावास्या लागते, तोवर दिवा वाढवत नाहीत. मी पाया पडले. ऐकेनात. मी जिना उतरले की विशालाक्षी कळ दाबेल, म्हणून काय करायचं ते त्यांनाच नीट शिकवलं: आधी खाली यूपीएसच्या तारा काढायच्या, मग मेन स्विच, नाहीतर ते स्वतःला डिस्कवर उतरवून वाचेल. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. आत्ताच पापनाशम्‌ला गेले. परवा सरळ अंगणात येतील, वर येणार नाहीत, मला बघवणार नाही म्हणाले.

भावाचा फोन लागत नाही. गाडीत असेल. पुन्हा. पुन्हा लावते. विशालाक्षी वर येतेय, पैंजण ऐकू येतात. वाजतोय. उचल ना. वाजतोय, वाजतो

२६ मे, सोमवार

य.

समोर मधू.

माझ्या पायाशी, पाटावर. नवा फ्रॉक. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "देत नाहीस?"

फक्त एवढंच. पुढचा अर्धा. पहिला अर्धा कधी म्हणाली मला माहीत नाही. मी थांबलेली होते. आई, हाक मारली तर ओ का—

पडद्यावर तिसरी पट्टी भरली आहे.

भाऊ काल सोडून गेला. आई झोपलीय, उठवू नका, असं विशालाक्षीने सांगितलं. तो घाईत होता.

मधू विचारते, हे आजोबा गाता गाता थांबतात का. तिचा हात गरम आहे. ती हसते. मशीन चालू आहे तोवर ती हसते.

चालू राहू दे. सहा वर्षं, साठ वर्षं. अर्धं अर्धं वाक्य चालेल मला.

घड्याळात बारा वाजून गेले.

दाराला बाहेरून कुलूप. विशालाक्षी भजन मोठ्याने लावून देवळात गेलीय, व्यंकोबाही गातायत, माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. खिडकीला गज. खाली अंगण.

कृष्णकुमार आले. ओले, न्हालेले. वर बघत नाहीत. ठरलं होतं तसंच.

त्यांना माहीत नाही. मधू आलीय हे त्यांना

तारा काढल्या. दोन्ही. बरोबर काढल्या, मी शिकवल्या तशा.

हाका मारतेय. ऐकू जात नाही. गजांतून वही जाईल. त्यांच्या पायाशी पडेल, देवनागरी ते बोट ठेवून वाचतात, एक ओळ वाचतील. मोठ्या अक्षरात लिहिते.

हात जोडले त्यांनी. हात स्विचकडे

मधू आत आहे. कृष्णकुमार, मशीन वाढवू